नकाशे बंद झाले

सोमवारी सकाळी चहा घेऊन बसलो, रोजच्यासारखं एका विद्यापीठाचं हवामानाच्या नकाशांचं पान उघडलं तर नकाशांच्या जागी लॉगिन. आता फक्त त्या विद्यापीठातल्या लोकांसाठी. सर्व्हर त्यांचा, खर्च त्यांचा, मी कधी एक पैसा दिला नाही, त्यामुळे भांडायचा हक्क नाही हे कळतं, पण इतकी वर्षं रोज बघत होतो हो, जीवाला लागलंच.

तिथं जीएफएसचे नकाशे असायचे. हवामानाच्या अंदाजाचं अमेरिकेचं मॉडेल, दिवसातून 4 रन, म्हणजे 4 वेळा नव्यानं गणित, 16 दिवस पुढचं दाखवतं. 00 यूटीसीचा रन म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, त्याचे नकाशे साडेनऊच्या आसपास यायला लागायचे, ऑफिसला निघता निघता बघून घ्यायचो.

काटोलला काकांची संत्र्याची बाग आहे. फेब्रुवारीत काही झाडांवर मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली, फळं तोडणीला आलेली, बाकीच्यांवर हिवाळ्याअखेरचा आंबिया बहार फुललेला, आणि गारपिटीचे दिवसही तेच. काकांचा फोन ठरलेला, "काय म्हन्ते गा तुया नकाशा?" मग मी 500 हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीचा नकाशा लावायचो, म्हणजे साधारण पावणेसहा किलोमीटरवरची हवा, पश्चिमेकडून थंड हवेचा ट्रफ, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खाली दक्षिणेकडे उतरतोय का, आणि खाली दीड किलोमीटरला, 850 वर, बंगालच्या उपसागराकडून ओल येतेय का. दोन्ही विदर्भावर एकत्र दिसले की सांगायचो, काका, जमेल तेवढं तोडून घ्या.

मोबाइलवरचं ॲप सांगतं ढग, 40 टक्के. कशामुळे 40, ते नाही. त्या पानावर कालचा रन आणि आजचा रन शेजारी शेजारी लावता यायचे, मला तेच सगळ्यात मोलाचं वाटायचं, कारण सलग 4 रन एकच सांगत असले तर धरून चालायचं, ट्रफ दर रनला इकडेतिकडे उड्या मारत असला तर थांबायचं. नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान केंद्राचे इशारे मी आधी बघतोच, ते तर हवेतच, पण इशारा का दिलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं वेगळं.

मूळ डेटा नोआ, अमेरिकेची हवामानाची सरकारी संस्था, अजून फुकटच देते, ग्रिब फाइलींमध्ये, पण त्याचं चित्र कोणीतरी काढावं लागतं. म्हणून काल रात्री पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घेऊन बसलो, दोन वाजता 500 चा एक नकाशा निघाला, रंग फिकट, पण आकार बरोबर. काकांना पाठवला. सकाळी फोन, "पाह्यला गा, पन वाऱ्याचे बान कुटी गेले?"

आज रात्री बाण घालतो.