दहा वॉटचा उन्हाळा

कोजागरी उलटली की आमच्या घरी अंड्यांचा दुष्काळ सुरू होतो. गावठी आणि गिरिराज मिळून चौदा कोंबड्या. गणपतीत रोज सात-आठ अंडी सापडतात, दसऱ्याला चार, दिवाळीत दोन. मार्गशीर्ष लागला की खुराड्याचा कोपरा न् कोपरा चाचपला तरी हाताला नुसता भुसा लागतो. "त्यापण मार्गशीर्ष पाळतात," असं आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात. त्या महिन्यात आमच्याकडे कुणी अंड्याला शिवत नाही, म्हणून त्यांना कोंबड्यांचा हा संयम फार सात्त्विक वाटतो. अंड्यांचे पैसे माझ्या डब्यात पडतात. मला वाटत नाही.

आमचं गाव शहाद्याकडचं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि थंडी यायची ती डोंगरावरून. परसात एकाच पत्र्याखाली दोन संसार आहेत: अलीकडे माझं खुराडं, पलीकडे आबांची घोडी, मध्ये कमरेएवढी भिंत आणि वर जाळी. घोडी काठियावाडी, रंगाने कुमैत म्हणजे तांबूस, आयाळ-शेपटी काळी, कपाळावर चांदवा. कान टवकारले की दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. आबांनी ती सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा हा बाजार भरतो. तिथे देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, केसांचे बाकीचे भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, हे बघत म्हातारे अख्खा दिवस काढतात. आबा अजूनही दरवर्षी "नुसतं बघायला" जातात. आम्ही त्यांच्या खिशात पैसे मोजकेच राहतील याची काळजी घेतो.

तर अंड्यांचं. मला वाटायचं, थंडीने कोंबड्या आखडतात. म्हणून मी खुराड्याला पोती लावून सगळ्या फटी बुजवल्या होत्या. आठवड्यात आतून डोळे चुरचुरणारा वास यायला लागला आणि दोघींना सर्दी झाली. गुरांचे डॉक्टर घोडीला बघायला आले होते, त्यांनी पहिल्यांदा पोती काढायला लावली. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ती पिसं फुलवून, पोटाखाली पाय झाकून दांडीवर बसली की आपल्याकडची थंडी तिला काही करत नाही. तिला हवी कोरडी हवा, आणि संध्याकाळी मूठभर बाजरी, म्हणजे भरल्या पोटाने रात्र निघते. अंडी थांबतात ती उजेड कमी झाल्याने. भरपूर अंडी घालायला तिला साधारण १४ तासांचा दिवस लागतो. आमच्याकडे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात पावणेअकराच्या. आपण स्वेटर काढायच्या कितीतरी आधी तिच्या अंगात हिशोब झालेला असतो. जुनी पिसं टाकायची, नवी आणायची, दुकान बंद. अंगणात पिसं उडतात, एखादी बिनशेपटीची हिंडते, आणि तिच्याकडे बघितलं की ती पाठ फिरवते. आता पाठ फिरवली की शेपूट नसलेलंच जास्त दिसतं, पण ते तिला कोण सांगणार?

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या डोक्यातून जाईना. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून झिरपून थेट मेंदूत पोचतो. आंधळ्या कोंबडीलाही दिवस मोठा झाल्याचं कळतं.

मग काय, गेल्या दिवाळीत घरावरच्या माळा उतरवल्या त्याच दिवशी मी १० वॉटचा एलईडी बल्ब आणला आणि जाळीवरच्या खांबाला टांगला. पहिल्या रात्री संध्याकाळचा दिवा वाढवला. आठ वाजता लाइट गेली. कोंबडीला अंधारात काही म्हणजे काही दिसत नाही. दांडीवर चढायच्या राहिलेल्या नऊ जणी जिथल्या तिथे जमिनीवर बसल्या, आणि मी बॅटरी तोंडात धरून एकेकीला उचलून वर ठेवत होते. दुसऱ्या दिवशी टायमर आणला आणि दिवा पहाटे साडेतीनला लावला. म्हणजे सूर्य उगवेपर्यंत तो जळणार, आणि संध्याकाळ आपली आपण मावळणार. कोंबड्याने अर्थातच साडेतीनला आरवायला सुरुवात केली. शेजारचे काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस कुंपणापाशी येऊन एवढंच म्हणाले, "थंडी भारी शे." पण महिन्याभरात अंडी पाचवर गेली आणि माझा डबा वाजायला लागला.

संक्रांतीच्या सुमारास आबा घोडीचं अंग घासून खरारा करत होते. खरारा झटकला तर त्यातून केसांचा हा एवढा पुंजका पडला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. थंडीत घोडीच्या अंगावर दाट मखमली लव येते. ती गळायची होळीच्या आगेमागे. ही बाई ऐन पौषात कपडे काढत होती. आबांनी तिच्या गव्हाणीकडे बघितलं, गव्हाणीवरच्या जाळीकडे बघितलं, जाळीवरच्या बल्बकडे बघितलं. मग माझ्याकडे.

घोडीलाही दिवस उजेडावरूनच मोजता येतो, फक्त ती डोळ्यांनी मोजते. स्टड फार्मवाले तर घोडी लवकर माजावर यावी म्हणून हिवाळ्यात मुद्दाम दोन-दोन महिने तबेल्यात दिवा ठेवतात. माझ्या बल्बने तिलाही उन्हाळा आल्याची बातमी दिली होती. बाहेर पहाटे शेकोटीशिवाय उभं राहवत नव्हतं.

आबा रागावले नाहीत. त्यांनी घरात जाऊन माझी माहेरची गोधडी काढली आणि तिची झूल शिवली.

त्यांनी रात्रीचा कडबाही वाढवला. चंदीपेक्षा, म्हणजे दाण्यापेक्षा, वैरणीने घोडं जास्त गरम राहतं, कारण चोथा आतड्यात आंबत राहतो आणि त्याची ऊब रात्रभर पुरते. पण कोरड्या कडब्यावर पाणी पोटात गेलंच पाहिजे, आणि थंड पाणी घोडी नुसतं हुंगते. एरवी दिवसाला पंचवीस-तीस लिटर पिणारी निम्म्यावर येते आणि मग पोटशूळ. म्हणून आबा पाणी कोमट करून, चिमूटभर मीठ टाकून तिच्यापुढे धरत आणि बादल्या मोजत. मी त्यांच्या चहाला कधी इतकी मनधरणी केलेली नाही.

(घोडी आणि कोंबड्या एकत्र ठेवणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. पोल्ट्रीच्या तयार खाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं मात्र थोडक्यातही हृदय बंद पडू शकतं. आमची पोती म्हणून घरात, कुलपात.)

यंदा बल्ब मी स्वतःच उतरवला. लोणच्याच्या बरणीमागे ठेवलाय. कोंबड्यांनी नेमाने पिसं टाकली, अंगणभर उडवली. दिवसा त्या घोडीच्या पायांत हिंडतात, लिदीतले न पचलेले दाणे टिपतात. एखादी तर तिच्या पाठीवर चढून उन्हाला बसते. घोडी कातडी थरथरवते, पण हाकलत नाही. अंडी दुकानातून आणली, ट्रे घरात आणताना शेजारच्या काकांनी बघितला, आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

काल पहाटे आबांनी परसातून हाक मारली. मी शाल गुंडाळून गेले. कडबा तसाच पडलेला, घोडी मान वर करून, कान टेकवून उभी. गव्हाणीत पावसाळ्यात जन्मलेली तलंग बसली होती. पहिल्या वर्षीच्या पोरींना हिवाळ्याची शिस्त अजून ठाऊक नसते. थोड्या वेळाने ती उठली, सगळं गाव जागं होईल एवढी ओरडली आणि उडी मारून गेली. मागे कडब्यात सुपारीपेक्षा जरा मोठं अंडं. आबांनी ते उचलून माझ्या हातावर ठेवलं. चांगलंच गरम होतं.

"मार्गशीर्ष आहे," आबा म्हणाले, "तरी ठेव डब्यात." घोडी एव्हाना कडबा खायला लागली होती.