सहा किलोंचा ताण

मॉडेल विमानांच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर माझी ३० वर्षं गेली. हल्ली त्या टेबलावर येतं ते बहुतेक मोडलेलं फोम आणि तुटलेल्या वायरी. त्यामुळे त्या मुलीनं चादरीत गुंडाळलेलं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान काउंटरवर ठेवलं, तेव्हा हातातलं काम टाकून मी उठलो. वर पातळ टिश्यू कागद लावून डोप, म्हणजे तो ताणून धरणारं रोगण, दिलेलं, नाकाशी २.५ सीसीचं ग्लो इंजिन. बाबांनी बांधलेलं, म्हणाली. बाबा गेल्या वर्षी गेले.

काउंटरवरच्या आमच्या मुलानं तोवर निकाल देऊन टाकला होता : डावा पंख उजव्यापेक्षा लांब झालाय, उजव्या टोकात कसलंसं वजन अडकलंय, बांधणीच चुकली आहे. बॅटऱ्यांमधलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलायची घाई मला चीड आणते. ते कंट्रोल लाइनचं विमान होतं. रेडिओ नाही. दोन पोलादी तारा, हातात हँडल, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. डावा पंख आतल्या बाजूला येतो. वर्तुळात तो हळू फिरतो, त्याला उचल कमी मिळते, म्हणून तो मुद्दाम लांब ठेवतात. तारांचं वजन आत ओढतं, म्हणून बाहेरच्या टोकात शिसं घालतात.

"म्हणजे बाबा चुकले नव्हते," ती म्हणाली. दुसऱ्या कुठल्याशा दुकानात तिला लांब पंख कापायला सांगितलं होतं!

इंजिन जाम होतं. इंधनात मिसळलेलं एरंडेल वर्षानुवर्षं आत राहिलं की वार्निशसारखं घट्ट होतं. अशा वेळी पंखा जोर लावून फिरवायचा नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटगननं सिलिंडर हळूहळू तापवायचा, दोन थेंब तेल सोडायचं, थांबायचं, पुन्हा तापवायचं. तासाभरानं पिस्टन हलला. इंधन पेटवणारा नवा ग्लो प्लग बसवला, दीड व्होल्टचा सेल जोडला, आणि चौथ्या फटक्याला इंजिन सुरू झालं. सेल काढला तरी चालत राहिलं, कारण इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेला तापलेलीच ठेवते. जळक्या एरंडेलाचा वास दुकानभर पसरला. ती हातातली चादर तोंडाशी धरून उभी होती. "बाबांच्या शर्टाला हा वास यायचा."

दिव्यासमोर पंख धरला तर टिश्यूतून आतलं लाकूड दिसत होतं. रिबांना, म्हणजे पंखाच्या फासळ्यांना, ठिपकेदार रेषांचा ताठ बाल्सा, शेपटीला हलका, मऊ. एकाच जाडीच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो, त्यामुळे असं लाकूड निवडूनच घ्यावं लागतं. पूर्वी लोक दुकानात येऊन अख्खा गठ्ठा उपसायचे, एकेक पट्टी तळहातावर तोलायचे, किंचित वाकवून बघायचे. शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस सांगायचा, "ही स्पारला, पंखाच्या कण्याला ठेवा, रिबांना दुसरी बघा." आता बाल्सा बंद पाकिटात येतो आणि न उघडताच विकला जातो.

आता माझी चूक. कंट्रोल लाइनचं जुनं विमान उडवण्याआधी तारा ओढून ताण तपासतात. विमान ६०० ग्रॅमचं. १५ मीटरच्या तारांवर ताशी ८० किलोमीटरनं फिरलं तर तारांवर सुमारे दोन किलोंचा ताण येतो. पण तपासताना वजनाच्या दहापट, म्हणजे सहा किलो लावतात. तार हातात असताना सांधा सुटला तर बघणाऱ्यांच्या अंगावर विमान जातं, म्हणून यात सूट नाही. आणि सगळा ताण येतो तो पंखाच्या पोटात बसवलेल्या बेलक्रँकवर, म्हणजे दोन्ही तारा जिथे जोडतात त्या फिरत्या पट्टीवर. तिथला सांधा बघायचा तर टिश्यू कापावी लागते. सांध्यातलं जुनं सिमेंट, म्हणजे बाल्सा चिकटवायचा गोंद, काचेसारखं ठिसूळ होतं, हे मला ठाऊक होतं. तरी टिश्यू इतकी नितळ होती की ब्लेड लावायला हात धजावला नाही. "धरेल," मी तिला म्हणालो.

साडेचार किलोंना ताणकाट्याचा काटा झटकन खाली आला. बेलक्रँक पाटीसकट उखडून दोन रिबा फाडून बाहेर आला. सिमेंटचे पिवळे खडे टेबलावर सांडले.

ती काहीच बोलली नाही. मालक आतून म्हणाले, नवं रेडी-टू-फ्लाय देऊ सवलतीत. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काका, हे बाबांच्या हातून तुटलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?"

"संध्याकाळी दुकानात आले असते. प्लाय घेतला असता, गोंद घेतला असता, इथल्या चारजणांशी वाद घातला असता."

"मग प्लाय द्या."

तीन मिलिमीटरचा प्लाय दिला, एपॉक्सी दिलं, रिबांसाठी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. कसा वाकवून बघायचा ते दाखवलं. तिनं अकरा पट्ट्या बाजूला टाकल्या आणि बारावी उचलली, ती बरोबर होती.

आधी कापून बघितलं असतं तर एक चीर पडली असती, दोन रिबा वाचल्या असत्या. रोज रात्री दुकान बंद करताना हेच मनात येतं. रविवारी ती पंख घेऊन येणार आहे. तपासणी पुन्हा करावीच लागेल, सहा किलोंची. या वेळी ताणकाटा तिच्या हातात देईन म्हणतो.