वैशू, मी आणि १९८४

आज जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' संपलं एकदाचं. म्हणजे गोष्ट संपली, मागचं परिशिष्ट तेवढं राहिलंय. जूनमध्ये सुरू केलेलं, आठवड्यातनं तीन संध्याकाळी, बँक सुटली की स्कूटी काढायची आणि कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मैत्रिणीकडं, वैशूकडं जाऊन बसायचं. तिचा गणपतीच्या मूर्तींचा सीझन सुरू, हात रिकामा नाही, त्यामुळं वाचायचं मी आणि ऐकायचं तिनं. पुस्तक इंग्रजी, माझं कॉलेजातलं, पुण्यात अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड घेतलेलं, पानं पार पिवळी पडलीत. दोन ओळी वाचायच्या आणि चार ओळी मराठीत सांगायच्या असं चाललेलं. ती पॉलिश पेपरनं मूर्ती घासत बसलेली, तोंडाला ओढणी, सगळीकडं पांढरी धूळ, मधनंच "थांब, परत सांग" म्हणायची.

मी हे पुस्तक याआधी दोनदा वाचलंय आणि मला वाटायचं मला ते कळलंय. वैशूबरोबर वाचताना वेगळंच निघालं. मला त्यातला नायक विन्स्टन म्हणजे बंडखोर, हुकूमशाहीत चोरून डायरी लिहिणारा, सत्यासाठी वगैरे. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, वय काय त्याचं? म्हटलं ३९. आपल्याएवढा की गं. आणि उजव्या पायाच्या घोट्यावर व्हेरिकोजचा अल्सर, जिना चढताना थांबत थांबत जातो, हे ऐकल्यावर पेपर खाली ठेवून तिनं आपला पाय बघितला. दिवसभर उकिडवं नाहीतर उभं राहून तिच्याही शिरा फुगल्यात. त्यानंतर पुस्तकभर ती "पाय कसाय त्याचा" असं विचारत राहिली, जसा काय शेजारचाच कोणतरी.

चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरनं २० वर येतं आणि दुसऱ्याच दिवशी रेशन वाढवून २० केलं म्हणून लोक आभार मानतात, त्यावर ती एवढी हसली की खोकला आला. "पाच रुपयाचा बिस्किटाचा पुडा बघ की, दर त्योच आणि आत बिस्किटं किती ऱ्हायल्यात."

आबांना (वैशूचे वडील, ७५ च्या पुढं गेलेत, अजून डोळ्यांची आखणी तेच करतात, त्याला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही) मी सांगितलं की हा लेखक आपल्याकडं बिहारात मोतीहारीला जन्मलेला, २५ जून १९०३. बाप इंग्रज सरकारच्या अफू खात्यात. आबा म्हणाले २५ जून म्हणजे आणीबाणीची तारीख. खरंच की, १९७५. माझ्या इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. मग ते कराडच्या साहित्य संमेलनाचं सांगत बसले, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरनं आणीबाणीच्या विरोधात बोलल्या आणि पुढं तुरुंगात गेल्या ते. आबा काय तिथं गेले नव्हते, पण सांगतात असं की पहिल्या रांगेत बसलेले. (हे वाक्य मी आज लिहितेय. महिन्याभरापूर्वी मी त्यांना मनातल्या मनात हसले होते.)

त्या पुस्तकातलं सरकार स्वतःची नवी भाषा बनवतं, तो भाग तिला लई आवडला, म्हणजे आवडला नाही, राग आला. त्यातला तो साइम, दरवर्षी शब्द कमी करत जाणारी डिक्शनरी बनवतो आणि त्याचा त्याला अभिमान. शब्दच नसला की तो विचार डोक्यात येणारच नाही. वैशू म्हणाली, तुझं पुण्यात झालं तसं. मला कळेना. मग म्हणाली, "तू जायच्या आधी 'मी आलो, मी जातो' म्हणायचीस की. एका वर्षात 'आले, जाते' करून आलीस." आता आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात यात काय विशेष नाही, पण होस्टेलवर पोरी इतक्या हसायच्या की मी ते सोडलं. तिनं नाही सोडलं. मी म्हटलं ती काय हुकूमशाही नव्हती, चार पोरी होत्या. "व्हय, चारच व्हत्या," म्हणाली आणि पुढं वाच म्हणाली.

उंदरांचा प्रसंग मात्र फसला. विन्स्टनचा छळ करतात ती १०१ नंबरची खोली, तोंडावर बांधायचा उंदरांचा पिंजरा, मी आवाज बारीक करून वाचतेय, आणि समोर फळीवर गणपतीपुढचे दोनशेक उंदीर वाळत घातलेले, साच्यातनं काढलेले, बिनरंगाचे, सगळे एका बाजूला तोंड करून. वैशूनं एक उचलून शेपटीचा जोड बोटानं दाबला आणि परत ठेवला. "बिचारा" म्हणाली. विन्स्टनला की उंदराला, विचारलं नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे आणि मी मघापासनं टाळतेय.

पहिल्या भागात विन्स्टन एक माणूस तयार करतो. जुने पेपर बदलायचे ही त्याची सरकारी नोकरीच, त्यातनं एकाचं नाव काढून टाकायचं असतं, त्या जागी काय घालायचं म्हणून हा टेबलावर बसल्या बसल्या कॉम्रेड ओगिल्व्ही नावाचा शूर सैनिक रचतो. असा माणूसच नसतो. पण छापून आलं की तो असणार, ज्युलियस सीझर होता तसाच. ते वाचलं त्या दिवशी मी वैशूला म्हटलं की म्हणून माणसानं डायरी लिहावी, माझ्याकडं २००४ पासनंच्या सगळ्या आहेत, माझा भूतकाळ कोण बदलणार! आणि पुढं, जसं मी नेहमी सांगते, तसं २०१९ च्या पुराचं सांगितलं. वैशूचा फोन आला, मी राजारामपुरीतनं पावसात आले, आपण दोघींनी रात्री दोनपर्यंत शाडूच्या मूर्ती माळ्यावर चढवल्या, माझा मास्क भिजून तोंडाला चिकटलेला, श्वास घेता येईना. हे मी बँकेत सांगितलंय, भावजयीच्या माहेरच्यांना सांगितलंय, मुलीनं शाळेच्या निबंधात लिहिलंय. वैशू घासत राहिली, काय बोलली नाही.

परवा रविवारी कपाट आवरताना २०१९ ची डायरी हाताला आली. म्हटलं फोटो काढून वैशूला पाठवू. ५ ऑगस्ट, सोमवार. चारच ओळी. टीव्हीवर दिवसभर काश्मीर. वैशूचा फोन, मूर्ती वर चढवायच्यात, येतीस का. पाऊस फार आहे, उद्या बघू म्हटलं. रात्री भजी केली.

दुसऱ्या दिवसाच्या पानावर तिच्या गल्लीत पाणी शिरलं एवढंच.

मी ते पान किती वेळ बघत होते माहीत नाही. अक्षर माझं. भजीसुद्धा आठवली, कांदा जास्त झालेला ते. आणि मग तो मास्क. २०१९ ला कुठला आलाय मास्क? इतकी वर्षं मास्क तोंडाला लावून मी ती गोष्ट सांगतेय आणि ऐकणाऱ्या एकानंही विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. मी आले होते ती २०२१ ला, जुलैमध्ये. दोन पूर मी एकात एक कालवून टाकले, आणि नेमका माझ्या सोयीचा तेवढा वर ठेवला. पुस्तकात याच कामाला एक अख्खं मंत्रालय लागतं.

आज शेवटची पानं वाचायच्या आधी तिला सांगितलं. डायरी पिशवीत नेली होती, काढली नाही. ती एका मूर्तीच्या कानामागं ब्रश फिरवत होती.

"ठाऊक हाय की. १९ ला तू न्हवतीस गं."

"मग बोलली का नाहीस? मी तुझ्यासमोर सांगायचे ते."

"काय बोलायचं. तू लई झ्याक सांगायचीस."

मग तिनं त्या रात्रीचं सांगितलं, मला पहिल्यांदाच, किंवा सांगितलं असेल आधी आणि मी ऐकलं नसेल. ती आणि आबा दोघंच. आईला आधीच मामाकडं पाठवलेलं. निम्म्या मूर्ती माळ्यावर गेल्या, निम्म्या खाली राहिल्या. शाडूला पाणी लागलं की एकदम पडत नाही म्हणाली, खालनं पाट भिजतो, मग पाय मऊ होतात, मग मूर्ती बसल्यासारखी खाली येते, हळूहळू, तोंड शेवटपर्यंत चांगलं. टॉर्च मारून आबा बघत होते. पाणी ओसरल्यावर आठवडाभर फावड्यानं चिखल काढला, त्यात सोंडा सापडायच्या. नळाला पाणी नाही, धुवायला पाणी नाही, सगळीकडं पाणी.

मी रडले थोडी. तिनं चहा ठेवला. आबांनी बाहेरनं विचारलं काय झालं, तर म्हणाली पुस्तक संपायला आलंय.

मग वाचलं शेवटचं. तो कॅफेत बसतो, जिन पितो, टेबलावरच्या धुळीवर बोटानं दोन अधिक दोन पाच लिहितो, आणि शेवटी त्या मिशीवाल्या हुकूमशहावर, बिग ब्रदरवर, त्याचं प्रेम बसतं. वैशूला हे पटलं नाही. मार खाऊन माणूस हो म्हणेल, सही करेल, पण प्रेम? मी म्हटलं तेच तर भयंकर आहे. ती म्हणाली, लेखक आजारी असणार लिहिताना. आता हे तिला कसं कळलं? टीबी होता त्याला. स्कॉटलंडच्या एका बेटावर राहून, पलंगावर बसून स्वतः टाईप केलेलं, जून १९४९ ला पुस्तक आलं आणि जानेवारी १९५० मध्ये गेला, ४६ व्या वर्षी. तिनं नुसती मान हलवली.

परिशिष्टाचं तिला सांगितलं की ते सगळं भूतकाळात लिहिलंय, ही भाषा अशी होती, तशी होती. काही लोक म्हणतात की म्हणजे पुढं कधीतरी ते राज्य पडलं. ती म्हणाली, मग आधी का नाही सांगितलंस, त्यो भाग वाचायचाच.

घरी आल्यावर २०१९ च्या त्या पानावर काहीतरी लिहावं असं वाटलं, समासात, आजची तारीख घालून. पेन काढलं आणि ठेवून दिलं. त्या पानाला मी हात लावायचा नाही. मुलीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, आई, निबंधाला दहापैकी नऊ पडलेले.

साडेदहाला पाऊस वाढला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३४ फूट, ग्रुपवर आलं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. वैशूला फोन लावला, आत्ता येऊ का म्हटलं.

"झोप गं. अजून टाइम हाय. उद्या सहाला ये, माळा रिकामा करायचाय. आणि ते मागचं राहिलेलं घेऊन ये."