चूलबंद आवतन

सोयाबीनच्या दिवसांत लातूरच्या मोंढ्यातले उंदीर माणसांपेक्षा गुटगुटीत दिसतात. एवढं धान्य पायाखाली सांडलेलं असताना त्यांना वायरी कुरतडायची हौस का, हे मला आजवर कळलेलं नाही. पण काकांच्या आडतीवरची काट्याची केबल त्यांनी दोनदा तोडली. तेव्हापासून मापाडी मामा रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटरातून उपसतात, मनगटाभोवती गुंडाळतात आणि मुनीमजींच्या लोखंडी पेटीत ठेवून देतात. एका टोकाला काट्याचं नऊ पिनांचं जुनं सिरीयल तोंड, दुसऱ्या टोकाला यूएसबी, मधे पीएल-२३०३ नावाची बोटाच्या नखाएवढी चिप. पोतं काट्यावर चढलं की आकडा या केबलीतून येतो आणि पट्टीवर छापला जातो.

आडतीवरच्या त्या जुन्या कोअर टू ड्युओ कॉम्प्युटरवर विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स ही प्रणाली मीच टाकली होती आणि ती बिनबोभाट चालली होती. मला मात्र तिचा कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा, स्वतःच्या हाताने बांधायचा होता. 'चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस?' काका म्हणाले. उत्तर माझ्याकडे नव्हतं. काही माणसांना नवी दुचाकी आणल्या आणल्या खोलून बघावीशी वाटते, त्यातला प्रकार.

कर्नल बांधायच्या आधी त्यात काय काय असावं ते निवडावं लागतं. त्यासाठी मेन्यूकॉन्फिग नावाची एक निळी खिडकी उघडते. 'डिव्हाइस ड्रायव्हर्स'मध्ये (जोडलेली यंत्रं चालवणारे प्रोग्राम ते ड्रायव्हर) शिरून 'यूएसबी सपोर्ट'वर आलं की ओळींची रांग लागते आणि प्रत्येक ओळीपुढे एक कंस. स्पेस दाबत गेलं की कंसात कधी चांदणी येते, कधी एम, कधी काहीच नाही. चांदणी म्हणजे घरातलं माणूस, कर्नलच्या पोटात कायमचं. एम म्हणजे पाहुणा: आला की पान मांडायचं, नाही आला तर जागा अडत नाही. आणि रिकामा कंस म्हणजे ज्याच्या दारी आपण पत्रिका घेऊन गेलोच नाही. अडलं तर प्रश्नचिन्ह दाबायचं, मदतीचा मजकूर उघडतो. त्यात पुष्कळ ठिकाणी शेवटी एकच सल्ला असतो: खात्री नसेल तर एन म्हणा. म्हणजे नाही म्हणा. पत्रिका लिहायला बसलेल्या एखाद्या कद्रू चुलत्याचा आवाज त्यात मला ऐकू येतो.

रांगेत वरच्या अंगाला चौघीजणी भेटतात: यूएचसीआय, ओएचसीआय, ईएचसीआय, एक्सएचसीआय. नावांवरून एका घरातल्या जावा वाटाव्यात, आणि वागणंही तसंच. मशीनमधल्या यूएसबी कंट्रोलरशी, म्हणजे यूएसबीचा कारभार बघणाऱ्या चिपशी, बोलायची ही चार वळणं. १९९६ साली यूएसबी आली तीच दोन तट घेऊन. इंटेलने यूएचसीआय काढली, तर कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमीकंडक्टर यांनी ओएचसीआय. काम एकच, पण पहिली बरंचसं ओझं सॉफ्टवेअरच्या डोक्यावर टाकते, दुसरी चिपकडूनच करून घेते. २००० साली यूएसबी २.० आली, तिची ईएचसीआय. ही ४८० मेगाबिटची तोऱ्याची. जुन्या मशीनांत कीबोर्ड-माउससारखं संथ गिऱ्हाईक दारात आलं तर ती हात लावत नाही, जुन्या जावेकडे पाठवते. एक्सएचसीआय सगळ्यांचं एकटीच उरकते. तिला चालवणारा ड्रायव्हर सेज शार्प (तेव्हाचं नाव सेरा) यांनी लिहिला आणि २००९ च्या सप्टेंबरात लिनक्स २.६.३१ मध्ये तो आला. यूएसबी ३.० पहिल्यांदा चालवण्याचा मान असा लिनक्सकडे गेला.

हे सगळं मी वाचून शिकलो असं नाही. घरच्या मशीनवर एकदा यूएचसीआय 'जुनी आहे, काय करायचीय' म्हणून काढून टाकली होती. मशीन छान सुरू झालं, पासवर्ड मागत बसलं, आणि कीबोर्ड मुका. संथ गिऱ्हाईक घेणारी जाऊच घरात नव्हती.

वेगांच्या नावांचीही गंमत आहे. दीड मेगाबिटला लो स्पीड म्हणतात ते ठीक, पण १२ मेगाबिटला फुल स्पीड! पुढे ४८० आलं तेव्हा फुलच्या वर काय म्हणायचं, म्हणून हाय स्पीड. ५ गिगाबिटला सुपरस्पीड. प्रत्येक फाट्यावर थांबणाऱ्या एसटीच्या काचेवर 'जलद' लिहिलेलं असतं, तसं ते फुल. मामांची केबल फुल स्पीडवालीच.

मोंढ्यात कुणाला हब, म्हणजे एका यूएसबी तोंडाला अनेक तोंडं फोडणारा डबा, समजावायचा तर मी गंजगोलाईकडे बोट दाखवतो. मधे देवीचं देऊळ, चहूबाजूंनी फुटलेले सोळा रस्ते. कुठूनही या, गोलाईवरूनच पुढे जायचं. एका कंट्रोलरवर अशी १२७ गिऱ्हाइकं सामावतात, आणि येईल त्याला आधी नंबर मिळतो. यूएसबी २.० मध्ये ओळखपाळख होईपर्यंत नव्या गिऱ्हाइकाला १०० मिलिअँपिअरच वीज. सगळं रीतसर ठरलं की मग मागेल तशी, फार तर ५०० पर्यंत. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या गावाने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी हंड्याच्या हिशेबाने वाटून घेतलं, त्याला हा नियम फोडून सांगावा लागत नाही.

तर त्या रात्री मी आडतीवर एकटाच. मशीन दिवसभर बंद-चालू झालं नव्हतं म्हणून ताजं सुरू केलं. हजारो ओळींवर एकेक स्पेस दाबत बसायचा कंटाळा होता, आणि त्यावर एक आयता उतारा आहे: 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. ही आज्ञा दिली की या घडीला कोणते मॉड्यूल, म्हणजे एमवाले पाहुणे, चालू आहेत ते बघितलं जातं, तेवढे ठेवले जातात आणि बाकीच्यांची नावं यादीतून उडतात. प्रिंटर चालू होता, तो राहिला. माउस राहिला. बांधणी लवकर उरकली, नवा कर्नल सुरू झाला. दोनदा लाईट गेली तरी इन्व्हर्टरने लाज राखली. मी शटर ओढून घरी गेलो आणि शांत झोपलो.

सकाळी नऊला काकांचा फोन. 'काय रं, काटा बोलंना की!'

जाऊन बघतो तर बाहेर ट्रॅक्टरांची रांग. काट्याच्या डोक्यावर वजन दिसत होतं, पण कॉम्प्युटरात उतरत नव्हतं. मामांना त्याचं काही विशेष नव्हतं. ते जुन्या पद्धतीने पोती मोजत होते, 'लाभ... दोन... तीन...' (पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं) आणि मुनीमजी प्रत्येक आकडा हाताने टाइप करत माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते. 'भैय्या, रात्री काही केलंत का?'

जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी एलएसयूएसबी ही आज्ञा दिली तर केबल यादीत हजर. डीमेसेज, म्हणजे कर्नलची रोजनिशी, बघितलं: नवं फुल स्पीड गिऱ्हाईक आलं, नंबर दिला. आणि पुढे गप्प. पाहुण्याला दारात नाव विचारलं, पाटावर बसवलं, पण वाढायला कुणी उठेना. मग उजेड पडला. रात्री मी हजेरी घेतली तेव्हा केबल लोखंडी पेटीत होती.

जुना कर्नल बूट मेन्यूत शाबूत होता, दोन मिनिटांत सुटलो असतो. पण हट्ट. मेन्यूकॉन्फिग उघडलं, शोधून काढून यूएसबी सिरीयलपुढे एम, पीएल-२३०३ पुढे एम, आणि फक्त मॉड्यूल बांधायला लावले. त्या वेळात मामा पाणी प्यायला आत आले आणि काय झालंय म्हणून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

'म्हणजे तुझ्या मशीननं रातीला घरात कोन कोन हाय ते मोजलं, आन् दिसले तेवढ्यालाच आवतन दिलं?'

'हो.'

'येडं हाय. आरं, आवतन द्यावं चूलबंद.'

चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे जेवायला आमच्याकडे. घरी कोण आहे, कोण शेतात गेलंय, हे विचारायचंच नसतं. मला तो आधीचा, मी बाजूला सारलेला कर्नल आठवला. लिनक्सच्या तयार वितरणाबरोबर आलेल्या त्या कर्नलमध्ये कुणीतरी हजारो ओळींपुढे एम लावून ठेवला होता. त्या माणसाने आमचा मोंढा पाहिला नव्हता, नऊ पिनांचा काटाही नाही, तरी या केबलीचं पान मांडलेलं होतं. मी त्याला फापटपसारा म्हणत होतो.

मॉड्यूल बांधून झाले, जागी बसवले. मामांनी केबल काढून परत खोचली. डीमेसेजमध्ये पुढची ओळ उमटली: कन्व्हर्टर जोडला गेला, नाव टीटीवाय-यूएसबी-शून्य. पुढच्या ट्रॅक्टरचं पहिलं पोतं चढलं, स्क्रीनवर ६०.४ आपोआप उतरलं, आणि मुनीमजींनी बोटं मोडली. मामांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. 'लाभ,' म्हणाले, आणि हमालाला खूण केली.

संध्याकाळी काट्यावर पोतं टाकून झाल्यावर ते केबलीला हात लावून थांबले.

'रातीला परत मोजामोजी हाय का तुझी? आसंल तर र्‍हाऊ देतो.'

मी नाही म्हटलं. त्यांनी केबल मनगटाला गुंडाळली आणि पेटीत टाकली.