सर्व्हो निवडताना कॅटलॉग शेवटी उघडा

पोझिशनिंगसाठी, म्हणजे भार नेमक्या जागी नेऊन थांबवण्यासाठी, सर्व्हो मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह निवडायला शिकायचं असेल, तर कॅटलॉग सगळ्यात शेवटी उघडायचा, हे माझं ठाम मत. आधी कागदावर हालचाल मांडायची: वजन किती, अंतर किती, किती वेळात जायचं, आणि पोचल्यावर किती थांबायचं.

समजा, २० किलोची स्लाइड ०.६ सेकंदात ३०० मिमी सरकवायची आहे. एक तृतीयांश वेळ वेग वाढवण्यात, एक तृतीयांश एकसारख्या वेगात, उरलेला वेग कमी करण्यात. कमाल वेग निघतो सेकंदाला ७५० मिमी. स्लाइड सरकवणाऱ्या बॉल स्क्रूचं लीड, म्हणजे एका फेऱ्यात सरकणारं अंतर, १० मिमी असेल तर ४५०० आरपीएम (मिनिटाला फेरे) हवेत. ३००० आरपीएमची मोटर तिथेच बाद. लीड २० घेतलं की २२५० वर भागतं. पण लगेच खूश व्हायचं नाही. लीड दुप्पट झालं की स्लाइड ढकलायला टॉर्क (फिरवण्याचा जोर) दुप्पट लागतो आणि मोटरला जाणवणारं स्लाइडचं इनर्शिया (जडत्व) चौपट होतं. ही ओढाताण हाताने गणित केल्याशिवाय अंगात मुरत नाही. मोटरचा आकार काढून देणारं सायझिंग सॉफ्टवेअर वापरावं, पण त्यानंतर.

टॉर्कही दोन बघायचे. पीक टॉर्क थोडाच वेळ मिळतो. मोटर किती तापणार ते आरएमएसवर, म्हणजे थांबण्याचा वेळ धरून पूर्ण चक्रावर काढलेल्या एक प्रकारच्या सरासरी टॉर्कवर, ठरतं. थांबण्याचा वेळ सुरुवातीलाच लिहून घ्यायचा तो यासाठी.

मशीनवर गेल्यावर आधी कमी वेगात जॉग (बटण दाबून थोडंथोडं हलवणं), दिशा, टोकांचे लिमिट स्विच तपासायचे. होमिंग, म्हणजे शून्याची जागा शोधणं, शक्यतो एन्कोडरच्या (मोटरची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरच्या) झेड पल्सवर, म्हणजे दर फेऱ्याला एकदाच येणाऱ्या खुणेवर, संपवावं; होम स्विच केसभर मागेपुढे लागला तरी शून्य हलत नाही. ट्यूनिंग, म्हणजे ड्राइव्हच्या नियंत्रणाची जुळवणी, आतून बाहेर: आधी वेगाचा लूप, मग पोझिशनचा. ऑटो-ट्यूनिंग जरूर चालवा, पण त्यावर विसंबू नका. फॉलोइंग एररचा (हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतल्या फरकाचा) आलेख समोर ठेवून गेन, म्हणजे त्या फरकाला ड्राइव्ह किती जोरात उत्तर देतो ते, थोडाथोडा वाढवायचा. स्क्रूतून बारीक घूंऽऽ ऐकू आलं की मागे यायचं किंवा तेवढीच कंपनं दाबणारा नॉच फिल्टर लावायचा. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो, कान आणि आलेख एकाच वेळी लागतात.

उभ्या अ‍ॅक्सिसबाबत मात्र जरा कडक बोलतो. मोटरचा ब्रेक लोड धरून ठेवायला असतो, चालता लोड थांबवायला नाही. सर्व्हो ऑन होऊन टॉर्क आल्यावरच ब्रेक सुटला पाहिजे, आणि ब्रेक लागल्यावरच सर्व्हो ऑफ. त्या डिलेचे पॅरामीटर स्वतः तपासा. एसटीओ (मोटरचा टॉर्क सुरक्षितपणे बंद करणारी सोय) दिला की टॉर्क जातो, पण वजन वर लटकलेलंच असतं आणि ब्रेकने धरलं नाही तर खाली येतं. खाली हात घालण्याआधी लोखंडी टेकू लावा.