शेवंती आणि रस्त्यावरचा दिवा

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. बाजारात आज शेवंतीचा भाव विचारायची सोय नाही, म्हणून घरचीच फुलं काढली. मागच्या भिंतीलगतची शेवंती पिवळीधमक फुललीय. फाटकाजवळची मात्र अजून हिरव्या, घट्ट कळ्या घेऊन बसलीय. खरं तर दोन्हीकडे एकाच गड्ड्याची रोपं आहेत, मातीही तीच आणि शेणखतही तेच.

सासूबाई म्हणतात, येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्ट लागते. माझा संशय रस्त्यावरच्या नव्या पांढऱ्या दिव्यावर आहे. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधार लागतो. मध्येच उजेड पडला की तिला रात्र लहानच वाटते. फूलशेतीवाले मुद्दाम रात्री दिवे लावून बहर पुढे ढकलतात, ते काम आमच्या फाटकाशी फुकटात होतंय. आता संध्याकाळी तिच्या आणि दिव्याच्या मध्ये गोणपाट टांगतेय. सासूबाईंनी त्यालाच काळी बाहुली अडकवलीय. असू दे.

पॉइनसेटियाचीही हीच तऱ्हा. तो जिन्याआड अंधारात आहे, म्हणून वेळेवर लाल झालाय. लाल झाली ती पानं. फुलं म्हणजे मधले पिवळे ठिपके, तिकडे कोणी बघतही नाही.

कोरांटी तर पाणी घालायला विसरलं तरी फुलते. बिचारीला कौतुक नाही.

पण या दिवसांत मला फुलांपेक्षा फळंच जास्त आवडतात. पावसाळ्यात घमघमणारी कुंती आता शेंदरी फळांनी लगडलीय, ड्युरांटाचे पिवळे घोस कुंपणावर ओथंबलेत आणि गुंजेच्या शेंगा तडकायला लागल्यात. लाल बी, वर काळा डोळा. सोनार याच बियांनी सोनं तोलायचे: 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा. इतकी देखणी, पण बी चावून पोटात गेली तर जिवावर बेततं. लेकीला ताकीद दिलीय, गुंज आणि ड्युरांटा तोंडात घालायचं नाही.

"मग बुलबुल ड्युरांटा खातो तो?"

"त्याचं पोट वेगळं."

तिला काही हे पटलेलं नाही. बुलबुल मात्र सकाळपासून कुंतीवर ताव मारतायत आणि तारेवर बसून बिया टाकतायत. तारेखाली कुंतीची रोपं आपोआप उगवलीत. त्यातली चार-पाच शेजारच्या काकूंना द्यायचीत, त्यांना कुंपणाला हवीच होती.