उलट्या बाजूचा प्रोब

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टसाठी मी कोंबडीची अंडी निवडली, कारण उंदीर कापायची माझी तयारी नव्हती. साडेतीन दिवस ३८ अंशांवर उबवलेल्या अंड्यातला गर्भ काढायचा आणि त्यात सॉनिक हेजहॉग हे जनुक कुठे चालू आहे ते रंगवून दाखवायचं, एवढंच काम. (हो, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या सॉनिकवरूनच ते नाव पडलंय.)

जनुक 'चालू' आहे म्हणजे काय, तर त्या पेशीत त्याची आरएनए प्रत निघते आहे. दहावीच्या पुस्तकातलं हेच ते 'प्रतिलेखन'. परीक्षेत मी त्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, आणि ते मला अजिबात कळलं नव्हतं, हे कळायला तीन महिने लागले.

गर्भातला आरएनए डोळ्यांना दिसत नाही. त्याला चिकटणारा आरएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, आपणच बनवायचा असतो. म्हणजे पेशीत जे घडतं तेच एका छोट्या ट्यूबमध्ये घडवायचं: प्लाझमिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) बसवलेलं जनुक, चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड (आरएनएचे मणी: ए, यू, जी, सी), मॅग्नेशियम असलेला बफर आणि आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनए वाचून आरएनए बनवणारं एन्झाइम. यातल्या काही यू-वर डिगॉक्सिजेनिनची शेपटी लावलेली असते. ते डिजिटॅलिसच्या झाडात सापडतं, कोंबडीत नाही, त्यामुळे नंतर ते पकडणारी अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. सगळं मिळून २० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर दोन तास.

प्रोब नीट बनला का ते बघायला तो जेलमधून विजेने पळवतात; शाबूत असेल तर एक ठळक पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. पहिल्यांदा जेल टाकलं तेव्हा बँडच्या जागी खालपर्यंत ओघळलेला स्मिअर. आरएनए खलास. डीएनएपेक्षा त्याच्या साखरेवर एक ऑक्सिजन जास्त असतो, आणि तेवढ्यानेच तो नाजूक होतो. वर आरएनएज हे आरएनए तोडणारं एन्झाइम आपल्या बोटांवरसुद्धा असतं आणि उकळूनही नीट मरत नाही. मी ग्लोव्ह्ज घालत होते, पाणी डीईपीसी (आरएनएज मारणारं रसायन) टाकून रात्रभर ठेवून ऑटोक्लेव्ह केलेलं होतं. तरी हे. शेवटी पीएचडी करणाऱ्या दादाने विचारलं, "जेलचा टँक कुठला घेतलास?" सगळ्यांचाच. ज्यात सगळे आपापले प्लाझमिड तपासतात, आणि प्लाझमिड काढताना मुद्दाम आरएनएज टाकतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने टँक धुतला, आणि पुढचा प्रोब शाबूत दिसला. कदाचित पहिलाही शाबूतच असेल, जेलमध्येच मेला असेल. तो मी रागाने फेकून दिला होता.

फक्त बँड फिकट होता. त्याचं कारणही दादानेच सांगितलं: मी सगळं बर्फावर मिसळत होते. बफरमध्ये स्पर्मिडीन असतं, ते थंडीत डीएनएला घट्ट धरून खाली बसवतं. बाहेर, साध्या तापमानाला मिसळ. आयुष्यभर 'बर्फावर ठेव' ऐकलेलं, आणि इथे बर्फच नडला.

तिसऱ्यांदा मात्र झकास. आरएनएचा बँड डीएनएच्या बँडपेक्षा साधारण दहापट ठसठशीत. एकाच साच्यावरून पॉलिमरेज पुन्हा पुन्हा फिरतं, म्हणून एक मायक्रोग्रॅम डीएनएतून दहाएक मायक्रोग्रॅम प्रोब निघतो. मी जेलचा फोटो आईला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

मग गर्भ. रात्रभर गरम पाण्याच्या टबात प्रोबसोबत, मग धुणी, रात्रभर अँटिबॉडी, पुन्हा दिवसभर धुणी. चौथ्या दिवशी रंगाचं द्रावण (अँटिबॉडी जिथे चिकटली असेल तिथेच जांभळा रंग येतो) टाकून ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळली आणि दर वीस मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघत बसले. काही नाही. संध्याकाळी सातला गर्भ जसेच्या तसे, साबुदाण्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझी वही उघडली.

"अगं, टी-सेव्हन का वापरलंस?"

"सगळे तेच वापरतात, मॅडम. लशीसाठीसुद्धा तेच वापरतात."

"सगळ्यांचं जनुक तुझ्यासारखंच बसलंय का?"

टी-सेव्हन आणि एसपी-सिक्स ही दोन वेगवेगळी आरएनए पॉलिमरेज. आमच्या प्लाझमिडवर जनुकाच्या एका बाजूला टी-सेव्हनचा प्रमोटर (पॉलिमरेज जिथे बसून वाचायला सुरुवात करतं ती जागा), दुसऱ्या बाजूला एसपी-सिक्सचा. मधलं जनुक क्लोनिंग करताना सुलटंही बसू शकतं, उलटंही. जिवाणूंच्या कुठल्या कॉलनीत कसं, ते नशिबावर. मॅडमनी सिक्वेन्सिंगचा कागद पुढे ठेवला. टी-सेव्हनच्या बाजूने वाचलं तर जनुक सुलटं, एटीजी या सुरुवातीच्या अक्षरांपासून पुढे. म्हणजे तिथून निघालेला आरएनए हुबेहूब पेशीतल्या आरएनएसारखा. आणि तसाच दुसरा त्याला चिकटणार कसा? दोन डाव्या पायांच्या चपला. जोड होतच नाही.

तोवर माझ्या डोक्यात प्रतिलेखन म्हणजे झेरॉक्स होतं. झेरॉक्स मशीनला कागद कसाही घातला तरी मजकूर तोच येतो. इथे तसं नाही. डीएनएच्या दोन पट्ट्या, आणि पॉलिमरेज कुठल्या पट्टीला साचा करणार हे फक्त प्रमोटरचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. पट्टीच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात; साचा तीन-प्राइमकडून वाचला जातो, आरएनए पाच-प्राइमकडून सुरू होऊन तीन-प्राइमकडे वाढतो, आणि तो साच्याच्या पूरक, म्हणजे दुसऱ्या पट्टीसारखा निघतो, फक्त टीच्या जागी यू. पॉलिमरेजला जनुकाचा अर्थ कळत नाही. त्याला तोंड कळतं. कोंबडीच्या पेशीतही एकाच गुणसूत्रावर शेजारशेजारची जनुकं वेगवेगळ्या पट्ट्यांवरून वाचली जातात. हे मी कित्येकदा वाचलेलं होतं, पण वाक्य म्हणून.

प्लाझमिड या वेळी जनुकाच्या दुसऱ्या टोकाला कापलं (न कापता ठेवलं तर पॉलिमरेज गोल गोल फिरून लांबच लांब आरएनए काढत राहतं), एसपी-सिक्स टाकलं, आणि पुन्हा चार दिवस. दोन तासांत पायाच्या कळीच्या (जिथून पुढे पाय फुटतो त्या उंचवट्याच्या) शेपटीकडच्या कडेवर जांभळा ठिपका उमटला, मग पाठीच्या मधोमध बारीक रेघ. मी ओरडले, तर शेजारची मुलगी दचकली आणि तिच्या पिपेटची टिप सुटली.

जुना टी-सेव्हनचा प्रोब फेकायला निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांब. तो तुझा निगेटिव्ह कंट्रोल." म्हणजे ज्यात रंग येताच कामा नये असा तुलनेचा नमुना. प्रबंधात त्या साबुदाण्यांचा फोटो जांभळ्या गर्भाशेजारी छापला आहे.

वायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या ट्यूबमध्ये रिफॅम्पिसिन टाकलं असतं तर?" टीबीचं औषध. ते जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजला अडवतं. माझं एसपी-सिक्स विषाणूचं, एकाच साखळीचं; त्याला काही झालं नसतं. हे बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "एसपी-सिक्सच का घेतलंत? सगळे तर टी-सेव्हन घेतात."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.